उत्तरेच्या समुद्रात दोर टाकायला कोण येणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उत्तर ध्रुवीय समुद्रातून युरोप आणि आशिया यांना जोडणाऱ्या मार्गाविषयी मराठी वृत्तपत्रांतून गेली काही वर्षे सातत्याने लिहिले जात आहे. रॉटरडॅम ते योकोहामा हे अंतर सुएझमार्गे सुमारे ११,२०० सागरी मैल भरते आणि रशियाच्या उत्तर किनाऱ्याने गेल्यास ते ७,३०० मैलांच्या आसपास येते, हा हिशेब आता बहुतेक वाचकांच्या परिचयाचा झाला आहे. त्यात वाचणारे इंधन येते, वाचणारे दिवस येतात, विम्याचा हप्ता येतो, अगदी आइसब्रेकरचे, म्हणजे बर्फ फोडून वाट काढणाऱ्या जहाजाचे, भाडेही येते. इंजिन बंद पडलेल्या जहाजाला दोर लावून खडकांपासून दूर ओढून नेणारी टगबोट मात्र त्यात कुठेच नसते. व्यापारी जहाजांच्या इंजिनरूममध्ये नोकरीची सारी वर्षे घालवलेला आणि उत्तर पॅसिफिकच्या हिवाळ्यातून मालवाहू जहाजांवर गेलेला माणूस म्हणून या राहून गेलेल्या बाबीविषयी लिहीत आहे.

टग म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर मुंबई किंवा न्हावाशेवा बंदरात मोठ्या जहाजाला ढुशी देऊन धक्क्याला लावणारी बुटकी, दणकट बोट येते. ती बंदरातली टग. आठ-दहा मीटरच्या लाटांत, वादळी वाऱ्यात, किनाऱ्याकडे वाहत चाललेल्या साठ-सत्तर हजार टनी जहाजाला धरून ठेवायला वेगळ्या जातीची टग लागते. तिची ओढ बंदरातल्या टगपेक्षा कितीतरी अधिक असावी लागते, शेकडो मीटर लांबीचा जाड तारदोर गुंडाळलेला स्वतंत्र विंच तिच्यावर असावा लागतो, आणि असल्या हवामानात आठवडाभर समुद्रात टिकून राहील असा तिचा सांगाडा व खलाशीवर्ग असावा लागतो. अशा टग जगात आहेत, पण जिथे तेलविहिरी आणि मोठी बंदरे आहेत तिथे; अलास्काचा अल्यूशियन द्वीपसमूह, ग्रीनलंडचा पूर्व किनारा किंवा सैबेरियाच्या उत्तरेचा समुद्र या ठिकाणी त्या सहसा सापडत नाहीत.

या अभावाची किंमत काय पडते हे पाहण्यासाठी ‘सेलेंडांग आयू’ या जहाजाची हकीकत थोडी सविस्तर सांगणे आवश्यक आहे, कारण त्यावर आपलेही खलाशी होते. मलेशियाचा ध्वज लावलेले, सुमारे २२५ मीटर लांबीचे हे मालवाहू जहाज नोव्हेंबर २००४ अखेरीस अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातून सोयाबीन भरून चीनकडे निघाले. पृथ्वी गोल असल्याने अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरून चीन-जपानकडे जाणारा सर्वांत जवळचा मार्ग उत्तरेकडे वळसा घेत अल्यूशियन बेटांच्या रांगेतून, युनिमॅक सामुद्रधुनीतून जातो आणि दरवर्षी हजारो जहाजे त्या वाटेने जातात. जहाजावर २६ माणसे होती, मुख्यतः भारतीय आणि फिलिपिनो. ६ डिसेंबरला बेरिंग समुद्रात मुख्य इंजिनाच्या एका सिलिंडरच्या लायनरला, म्हणजे आतल्या अस्तराला, तडा गेल्याचे लक्षात आले. दुरुस्तीसाठी इंजिन थांबवले गेले आणि ते पुन्हा सुरू झाले नाही.

इंजिन थांबले की जहाज आपोआप लाटांना आडवे होते आणि दोन्ही अंगांनी झोके खाऊ लागते. त्या झोक्यांत टनावारी वजनाचे सुटे भाग चेनब्लॉकला टांगून उचलायचे आणि पुन्हा जागेवर बसवायचे, हे काम बंदरातल्या शांत पाण्यातही जिकिरीचे. तिथे टांगलेला प्रत्येक भाग डोक्यावरून फिरत असतो आणि पायाखालची लोखंडी जाळी तेलाने ओली झालेली असते. खालचे लोक हे करत असताना वर ब्रिजवर मात्र एकच आकडा मोजला जातो : किनारा किती मैल राहिला.

अमेरिकी तटरक्षक दलाचे ‘अलेक्स हेली’ हे जहाज सर्वांत आधी पोहोचले. ते मूळचे नौदलाचे बचाव जहाज, म्हणजे ओढण्याचे काम त्याला अगदीच नवे नव्हते. ७ डिसेंबरच्या संध्याकाळी ‘सिडनी फॉस’ ही टग येऊन पोहोचली आणि तिने दोर लावला. जहाजाचे वाहणे मंदावले, परंतु त्या समुद्रात ते उलट दिशेला ओढून नेण्याइतकी ताकद तिच्यात नव्हती. ८ तारखेच्या सकाळी दोर तुटला. नंतरचे प्रयत्न फसले, टाकलेले नांगर घसरले आणि त्या संध्याकाळी जहाज उनालास्का बेटाच्या किनाऱ्यावर खडकांना लागून दुभंगले. तोवर हेलिकॉप्टरने १८ जणांना उतरवले होते. उरलेल्यांपैकी सात जणांना उचलून घेतलेल्या तटरक्षक दलाच्या जेहॉक हेलिकॉप्टरवर एक प्रचंड लाट आदळली, ते समुद्रात कोसळले आणि त्यात जहाजावरच्या सहा माणसांचा मृत्यू झाला. तीन लाख गॅलनांहून अधिक इंधन तेल किनाऱ्यावर पसरले आणि ते काढण्याचे काम २००६ पर्यंत चालले.

या प्रकरणात जहाजाकडून मदत मागायला झालेला उशीर, मालक कंपनीने नंतर न्यायालयात दिलेली गुन्ह्याची कबुली आणि भरलेला एक कोटी डॉलरचा दंड यांवर बरेच लिहिले गेले, आणि ते योग्यच होते. पण वेळेवर हाक मारली असती तरी तिथे कोणती टग धावून येणार होती, हा प्रश्न त्या दंडाने सुटत नाही. उनालास्काच्या नगराध्यक्षांनी पुढाकार घेऊन २००७ मध्ये डच हार्बर बंदरात आपत्कालीन ओढदोराचा संच तयार करवून घेतला. हा संच हेलिकॉप्टरमधून थेट बंद पडलेल्या जहाजाच्या डेकवर उतरवता येतो; जाड कृत्रिम धाग्याचा तरंगता दोर, त्याच्या टोकाला पातळ दोरी आणि दिवा लावलेला बोया, म्हणजे टगला जहाजाच्या अगदी जवळ न जाता पाण्यातून ते टोक उचलता येते. ज्यांनी हिवाळी वादळात निसरड्या डेकवर उभे राहून रॉकेटने फेकलेली पातळ दोरी पकडली आहे, तिला बांधलेला जाड दोर आणि त्यामागून येणारी तार हातांनी वर खेचण्याचा प्रयत्न केला आहे, आणि वीज गेलेली असल्याने नांगर ओढणारे यंत्र, विंडलास, ढिम्म हलत नाही हे पाहिले आहे, त्यांना या साध्या वाटणाऱ्या संचाचे मोल कळेल.

दोर आला तरी टग हवीच. डिसेंबर २०१० मध्ये ‘गोल्डन सीज’ हे तेवढ्याच लांबीचे मालवाहू जहाज इंजिनाला हवा पुरवणारा टर्बोचार्जर निकामी होऊन अल्यूशियनमधल्या आटका बेटाच्या उत्तरेला वाहू लागले. त्या वेळी ‘टॉर वायकिंग’ हे अतिशय शक्तिशाली, बर्फातही चालणारे जहाज डच हार्बरमध्ये उभे होते आणि त्यानेच ‘गोल्डन सीज’ला सुखरूप ओढून आणले. मात्र हे जहाज बचावासाठी तिथे ठेवलेले नव्हते. शेल कंपनीने आर्क्टिकमधल्या तेलशोधासाठी ते कराराने आणले होते म्हणून ते तिथे होते. पुढे शेलने अलास्काच्या आर्क्टिक समुद्रातला तेलशोधच सोडून दिला. दुसऱ्या कोणाच्या धंद्याच्या सोयीने उभ्या असलेल्या जहाजावर किनाऱ्याची सुरक्षा सोपवणे याला व्यवस्था म्हणता येणार नाही.

अशी टग कायमची का ठेवली जात नाही, याचे उत्तर पैशात आहे. सागरी बचावाचा पारंपरिक करार ‘काम फत्ते तर दाम’ या तत्त्वावर चालतो. जहाज वाचले तर त्याच्या व मालाच्या किमतीच्या प्रमाणात बक्षीस, नाही वाचले तर जवळजवळ काही नाही. जिथे वर्षातून एखादेच जहाज बंद पडेल अशा ओसाड समुद्रात, रोजचा खर्च सोसत आणि बक्षिसाची वाट पाहत, कोणताही खासगी टगमालक उभा राहणार नाही. शहरात अग्निशामक दल आगीच्या बक्षिसावर चालवत नाहीत, त्याचा खर्च आग लागो न लागो सगळ्यांनी मिळून करायचा असतो. इथेही तेच करावे लागते. वॉशिंग्टन राज्याच्या निआ बे येथे १९९९ पासून आपत्कालीन टग ठेवली जाते आणि २०१० पासून तिचा खर्च जहाजउद्योगाकडून वसूल केला जातो. ते शक्य होते, कारण तिथून जाणारी बहुतेक जहाजे सिएटल, टकोमा किंवा व्हँकुव्हरला लागतात. अल्यूशियन बेटांजवळून जाणारी अनेक जहाजे अलास्काच्या एकाही बंदराला शिवत नाहीत. आंतरराष्ट्रीय कायद्याने त्यांना तिथून निर्वेध जाण्याचा हक्क आहे, त्यामुळे त्यांच्याकडून वर्गणी घ्यायची कशी आणि कोणी, हे कोडे आहे. धोका किनाऱ्यावर राहणाऱ्या अल्यूट मच्छीमारांचा, नफा तिऱ्हाइताचा.

त्यातल्या त्यात स्वस्त उपाय म्हणजे जहाजांनाच किनाऱ्यापासून लांब ठेवणे. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने १ जानेवारी २०१६ पासून अल्यूशियन बेटांभोवती पाच टाळावयाची क्षेत्रे जाहीर केली आहेत, म्हणजे लांब पल्ल्याच्या जहाजांनी किनाऱ्यापासून सुमारे ५० सागरी मैल अंतर ठेवावे अशी अपेक्षा आहे. ताशी दोन-तीन मैलांनी वाहणाऱ्या जहाजाला एवढे अंतर कापायला १७ ते २५ तास लागतात. ‘ब्रेअर’ हे तेलवाहू जहाज ५ जानेवारी १९९३ च्या पहाटे स्कॉटलंडच्या शेटलंड बेटांजवळ बंद पडले तेव्हा किनारा जेमतेम दहा मैलांवर होता आणि सुमारे साडेसहा तासांत ते ८४,७०० टन कच्च्या तेलासह खडकांवर होते. डेकवरचे सुटे पाइप वादळात घरंगळून हवेच्या नळ्या तुटल्या, समुद्राचे पाणी इंधनात गेले, आणि टग पोहोचण्याआधीच खलाशांना हेलिकॉप्टरने उतरवून घेतले असल्याने दोर पकडायला जहाजावर कोणीच नव्हते. खलाशांचे प्राण वाचवणे हे प्रथम कर्तव्य होते, त्याबद्दल कोणालाही दोष देता येणार नाही. परंतु टग तासाभराच्या अंतरावर असती तर ती निवड करण्याची वेळ कदाचित आली नसती.

‘ब्रेअर’नंतर लॉर्ड डोनाल्डसन यांच्या चौकशी अहवालाच्या शिफारशीवरून ब्रिटनने आपत्कालीन टग ठेवल्या आणि पुढे त्यांची संख्या चारपर्यंत गेली. २०१० साली खर्चकपातीत त्या काढून टाकण्याचे ठरले; काही वर्षांत मिळून सव्वातीन कोटी पौंड वाचतील असा तो हिशेब होता. स्कॉटलंडमधून ओरड झाल्यावर ऑर्कनेतली एक राहिली, बाकी गेल्या. ऑगस्ट २०१६ मध्ये ‘ट्रान्सओशन विनर’ हा १७,००० टनी तेलफलाट ओढून नेताना वादळात दोर तुटून लुईस बेटाच्या पश्चिम किनाऱ्याला लागला. त्याच बेटावरच्या स्टॉर्नोवे बंदरात पूर्वी आपत्कालीन टग असे. अपघात न झालेली वर्षे ही टग अनावश्यक असल्याचा पुरावा मानली जातात, ही सगळ्याच सरकारी हिशेबतपासनिसांची जुनी खोड दिसते.

कॅनडाचे उदाहरण त्या मानाने बरे. ऑक्टोबर २०१४ मध्ये ‘सिमुशिर’ हे रशियन जहाज हायडा ग्वाई बेटांसमोर बंद पडले. कॅनडाच्या तटरक्षक जहाजाने लावलेले दोर तुटले, आणि अखेर प्रिन्स रूपर्टच्या बाजूला योगायोगाने असलेल्या एका अमेरिकी टगने ते ओढून नेले. हायडा समाजाने आणि किनाऱ्यावरच्या इतर मूळनिवासींनी लावून धरल्यावर कॅनडा सरकारने २०१८ मध्ये ‘अटलांटिक ईगल’ आणि ‘अटलांटिक रेव्हन’ ही दोन जहाजे पश्चिम किनाऱ्यासाठी तीन वर्षांच्या सुमारे ६ कोटी ७० लाख कॅनेडियन डॉलरच्या कराराने भाड्याने घेतली. नॉर्वेने तर टगचे काम २०२० पासून तटरक्षक दलाकडेच दिले आहे. शिवाय वार्डो येथील नियंत्रण केंद्रातून उत्तर किनाऱ्यावरची तेलवाहू जहाजे चोवीस तास पाहिली जातात आणि २००७ पासून त्यांना किनाऱ्यापासून दूर आखलेल्या मार्गाने जावे लागते. मला माहीत असलेल्या व्यवस्थांत हीच सर्वांत शहाणी, कारण अंतर, नजर आणि टग या तिन्हींचा विचार तिथे एकत्र झाला आहे. तरीही मार्च २०१९ मध्ये ‘वायकिंग स्काय’ हे १,३७३ माणसांचे पर्यटक जहाज हुस्टाद्विका या कुप्रसिद्ध पट्ट्यात बंद पडले आणि खडकांपासून अगदी थोडक्यात वाचले. वंगण तेलाच्या टाक्यांत पुरेसे तेल नव्हते, एवढेच निमित्त.

ही सगळी ठिकाणे त्यातल्या त्यात वस्तीची. त्याहून उत्तरेला गेले की चित्र आणखी विरळ होते. सप्टेंबर २०२३ मध्ये ‘ओशन एक्सप्लोरर’ हे २०६ माणसांचे जहाज ग्रीनलंडच्या एका फियॉर्डमध्ये, म्हणजे डोंगरांमधल्या चिंचोळ्या खाडीत, चिखलात रुतले, तेव्हा डेन्मार्कच्या नौदलाचे जहाज शेकडो मैल दूर होते आणि तीन दिवसांनी एका मत्स्यसंशोधन नौकेने ते बाहेर ओढले. सप्टेंबर २०२५ मध्ये कॅनडाच्या फ्रँकलिन सामुद्रधुनीत रुतलेले ‘थेम्सबोर्ग’ हे मालवाहू जहाज मोकळे व्हायला महिना लागला. दोन्ही वेळा हवा बरी होती. रशियाकडे अणुशक्तीवर चालणारे आइसब्रेकर आहेत हे खरे, आणि त्यांच्या तोडीचे दुसऱ्या कोणाकडे नाहीत; पण नोव्हेंबर २०२१ मध्ये बर्फ अपेक्षेआधी गोठले तेव्हा दोन डझनांच्या आसपास जहाजे सैबेरियाच्या पूर्व भागात अडकून पडली आणि त्यांना सोडवता सोडवता आठवडे गेले.

ध्रुवीय समुद्रातल्या जहाजांसाठी १ जानेवारी २०१७ पासून लागू असलेल्या आंतरराष्ट्रीय ध्रुवीय संहितेत जीवरक्षक साहित्याचा हिशेब धरताना मदत पोहोचण्यास किमान पाच दिवस लागतील असे गृहीत धरावे, असे स्पष्ट म्हटले आहे. पाच दिवस तग धरण्यासाठी कपडे, अन्न आणि निवारा यांची तरतूद त्या संहितेने केली आहे. जहाजाच्या तळात भरलेल्या इंधनाने पाच दिवस काय करायचे, याची मात्र तिथे तरतूद नाही. अल्यूशियन बेटे ६० अंश अक्षांशाच्या खाली असल्याने ती तर या संहितेच्या कक्षेतच येत नाहीत. तेलवाहू जहाजांना ओढण्यासाठीची खास साधने पूर्वीपासून सक्तीची आहेत. २०,००० टनांवरील इतर नव्या जहाजांना ती १ जानेवारी २०२८ पासून सक्तीची होतील. आज समुद्रावर असलेली मालवाहू व कंटेनर जहाजे मात्र पुढची वीस-पंचवीस वर्षे जुन्याच व्यवस्थेवर चालत राहतील.

आपल्याकडे याचा अनुभव नाही असे नव्हे. जुलै २०११ मध्ये ओमानजवळ सोडून दिलेले ‘पवित’ हे जहाज महिनाभर कोणाच्याही नजरेस न पडता वाहत जुहूच्या वाळूत येऊन बसले. त्याच पावसाळ्यात ‘एमव्ही रॅक कॅरियर’ मुंबईसमोर बुडाले. पावसाळ्यात आपत्कालीन टग भाड्याने ठेवण्याची पद्धत आपल्या नौवहन महासंचालनालयाने त्या सुमारास घातली. जून २०२५ मध्ये केरळसमोर पेटलेल्या ‘वान हाय ५०३’ला दोर लावण्यासाठी नौदलाला हेलिकॉप्टरमधून माणसे उतरवावी लागली. कोचीचा नौदल तळ हाताशी, पाणी कोमट, तरीही एवढी यातायात. पूर्व सैबेरियाच्या समुद्रात डिसेंबरच्या अंधारात हेच काम कोण करणार?

हा प्रश्न आपण विचारण्याचे कारण असे की भारताने मार्च २०२२ मध्ये आर्क्टिक धोरण जाहीर केले आहे आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये दिल्लीत झालेल्या भारत-रशिया कार्यगटाच्या बैठकीत उत्तर सागरी मार्गावरच्या मालवाहतुकीबरोबर भारतीय खलाशांना ध्रुवीय नौकानयनाचे प्रशिक्षण देण्याचीही चर्चा झाली आहे. जगाला खलाशी पुरवणाऱ्या पहिल्या काही देशांत आपण आहोत, आणि कोकणातल्या कितीतरी घरांतली मुले आज परदेशी ध्वजांच्या जहाजांवर आहेत. त्यांना बर्फात जहाज चालवायला शिकवणे चांगलेच आहे. त्या अभ्यासक्रमात इंजिन बंद पडलेल्या, वीज गेलेल्या जहाजावर दोर घेण्याचा सराव, तोही थंडीचे जाड हातमोजे घालून आणि विंच न वापरता, असला पाहिजे. उत्तरेच्या मार्गाविषयी रशियाशी जो करार होईल त्यात कोणत्या टप्प्यावर किती ओढीची टग किती तासांत पोहोचेल, तिचा खर्च कोण करील आणि बंद पडलेले जहाज आसऱ्यासाठी कोणत्या बंदरात घेतले जाईल, हे लेखी असावे. भारतीय ध्वजाच्या जहाजाला त्या पाण्यात जाण्याची परवानगी देताना नौवहन महासंचालनालयाने हीच माहिती कंपनीकडून मागावी, आणि ती मिळाल्याशिवाय परवानगी देऊ नये. परदेशी जहाजांवरच्या आपल्या मुलांच्या बाबतीत एवढा अधिकार सरकारला नाही; पण भरती करणाऱ्या परवानाधारक संस्थांना करारावर सही घेण्यापूर्वी प्रवासाचा मार्ग आणि तिथली बचावव्यवस्था खलाशाला लेखी कळवण्याचे बंधन घालता येईल, आणि त्यासाठी दिल्लीपर्यंत जाण्याचीही गरज नाही, कारण ते कार्यालय मुंबईतच आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त चीफ इंजिनियर
दापोली, जि. रत्नागिरी